आपांनी चूल पुढे आणली

शमीमआपांची नि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. वाळूजच्या रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलाचा नकाशा घेऊन मी, ताज्या दमाचा आर्किटेक्ट, त्यांच्याकडे गेलो. आतली सजावट आपा करणार होत्या. त्यांनी गुंडाळी उघडलीसुद्धा नाही. "आधी गोष्ट सांगा. कुणाची गोष्ट आहे ही?" मला राग आला. हॉटेलात माणसं जेवतात, तिथे गोष्ट कसली? पण आपांची सुरुवात नाटकांचे पडदे रंगवण्यापासून झालेली. गोष्ट कळल्याशिवाय त्या पेन्सिलीला हात लावत नसत, आजही लावत नाहीत.

गोष्ट होती कौसल्याबाईंची. पिशोरहून आलेल्या या बाई कामगारांची खानावळ चालवत आणि त्यांच्याच हाताच्या चवीवर हे हॉटेल उभं राहत होतं. हॉटेलाच्या भागीदारांना मात्र दारात बैलगाडी, फेटेवाले पुतळे आणि प्लास्टिकची कणसं हवी होती. खऱ्या बाई मागे, पत्र्याच्या शेडमध्ये!

आपांनी पुतळे परत पाठवले. दालनाच्या मधोमध ओटा बांधून त्यावर चूल मांडली, वर धुराडं आणि झोताचा दिवा. पहिला पंखाही गिऱ्हाइकांना नाही, बाईंना. "नायिकेला घाम आला तर प्रयोग चालंल कसा?"

उद्घाटनाच्या दिवशी भागीदारांनी चुलीपुढे पडदा लावला. कौसल्याबाईंनीही पदर पुढे ओढला. "आपा, ऱ्हाऊ द्या. मला लई लाज वाटती. मी मागंच बरी."

"लाज? चोरी केली व्हय तुम्ही?" आपा स्टुलावर चढल्या. "जिंदगीभर पडदे रंगवले मी. कुठला उघडायचा, ते मला कळतं." आणि पडदा ओढून काढला.

"गिऱ्हाईक पळालं तर?" भागीदार ओरडले.

"पळू द्या. बाई पळणार नाय."

पाळी सुटलेले कामगार आत आले. एकाने हाक मारली, "मावशी, तुम्ही हायत व्हय! गरम भाकर टाका." बाईंनी पदर कमरेला खोचला. "थांब की, फुगू दे." त्या पुन्हा शेडमध्ये गेल्या नाहीत.

याला काही विद्वान 'नाटकी सजावट' म्हणतात. म्हणोत बापडे! दुकानात राबणारं माणूस दिसलं पाहिजे, हा हट्ट नाटकी असेल तर आम्हाला नाटक मंजूर आहे.

आपांच्या सत्कारासाठी नेमलेल्या गौरव समितीने मला त्यांच्या 'कृतार्थ विश्रांती'वर चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. लिहिणार नाही. पंचाहत्तरीच्या आपा परवाच करमाडच्या एका कापडदुकानात भिंत पाडून घेत उभ्या होत्या; भिंतीमागच्या खोलीत मालकांच्या पत्नी शिवणयंत्रावर बसत. आपांच्या गुडघ्यांना बळ मिळो, नजर अशीच तिखट राहो. आणि जोवर या शहरात एक जरी बाई मागच्या शेडमध्ये बसवलेली असेल, तोवर आपांना मरायला सवड न मिळो!