बाळंतिणीच्या खोलीतला हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, देवाला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्ही माझे कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

कात्रजच्या घाटात सरकारी जकात चौकीवर माझं आयुष्य गेलं. येणाऱ्याजाणाऱ्याची गाठोडी सोडायची, तोंडं न्याहाळायची. गरोदर बाई दिसली तरी मनात यायचं — पदराआड तंबाखू तर नाही? ही सवय चौकीवर ठेवून शनिवार पेठेत घरी यायला हवं होतं. जमलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण माझ्या बायकोचं, उमाचं माहेर घाटाखाली. वाटेवर फौजांची ये-जा आहे, असं सांगून मी तिला पाठवलंच नाही. खरं कारण? ती तिथे माझ्याबद्दल काय बोलेल, कोण जाणे! मग इथेच सासूच्या, माझ्या आईच्या धाकात बाळंत झाली बिचारी. मुलगी झाली — गोदा.

उमा बोलेनाशी झाली. शेगडीच्या धगीत आढ्याकडे बघत पडायची, मधेच रडायची. सुईण म्हणाली, "पहिलटकरणीला होतं असं. तिच्या आईला बोलावून घ्या." मी बोलावलं नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती — हिला मूल नकोसं झालंय का? की मीच नकोसा झालोय? आणि मला? त्या पोरीकडे पाहून मला नुसती भीती वाटायची. लोक बारशाची साखर मागत होते; त्यांना हे काय सांगणार?

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नसतं. एका दुपारी मी गेलो. चोरून बघायला — एकटी असताना ही पोरीला कसं वागवते ते. उमा ग्लानीत झोपली होती. गोदा रडत होती, थांबतच नव्हती. आई येईल, मला इथे पाहील — मी गोदाच्या तोंडावर हात ठेवला.

किती वेळ? ठाऊक नाही. फक्त गप्प करायचं होतं, असं आजवर स्वतःला सांगत आलो. चौकीवर कुणी असं सांगितलं असतं, तर मी मानलं असतं का?

आई दारात आली तेव्हा मी हात काढत होतो. पोर काळीनिळी पडलेली. आईनं काही विचारायच्या आत मी म्हणालो, "हिनं दाबलं होतं. मी हात काढला."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. उमा जागी झाली आणि स्वतःचे तळवे बघत बसली. तिला काही आठवेना, म्हणून तिनं ते खरं मानलं. पुढे गोदा माझ्या आईच्या कुशीत वाढली. उमाकडे फक्त पाजायला द्यायची, तेही आई समोर बसून. आणि मी? वर्षानुवर्षं उमाच्याच चेहऱ्यावर पाळत ठेवली — ही तेव्हा खरंच झोपली होती ना?

आई वारली. यंदा गोदा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. तिनं बाळ उमापुढे धरलं, "घे ना, आई." हात ओले आहेत म्हणत उमा मागे सरली. मग माजघरात आली आणि मला विचारलं, "अहो, मी खरंच तसं केलं होतं?"

सांगता आलं असतं. मी म्हणालो, "हो."

"आपण होतात म्हणून पोर वाचली," ती म्हणाली, आणि वाकून तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत.