कपाटातला राउटर

बँकेच्या तिजोरीवर उभी हयात पहारा दिलेल्या त्या गृहस्थांना गल्लीत सगळे कुलूपकाका म्हणत. निवृत्त झाले म्हणून हाताची खोड जाते थोडीच! साखरेच्या डब्याला कुलूप, सायकलीला कुलूप, दारातल्या चपलांनाही साखळी. काकू होत्या तोवर करवादायच्या. त्या गेल्यावर साखरही निमूट आत बसली.

परगावच्या लेकीने घरात स्मार्ट दिवे, स्मार्ट पंखा, बैठकीत कॅमेरा आणि दारावर कॅमेऱ्याची बेल बसवून दिली. फोनवर बाबा दिसले की तिच्या जिवाला थारा. पण तिची पाठ वळली आणि घर फोनवरून सारखं गायब व्हायला लागलं. शेवटी ती वैतागली. "बाबा, पुन्हा असं झालं तर बॅग भरायची आणि माझ्याकडे राहायला यायचं. मी काही ऐकायची नाही!"

काकांनी फोन ठेवला आणि घरभर नजर फिरवली. काकूंचा हात फिरलेलं हे घर सोडायचं? आणि जायचं कुठे, तर जिथे एकाही कपाटाला कुलूप नाही तिथे?

आता खरी गोम सांगायची तर या सगळ्यांना वाय-फाय पुरवणारा राउटर काकांनी लोखंडी कपाटात ठेवला होता. दागिन्यांच्या खणात, काकूंच्या शालीत गुंडाळलेला, वायर बिजागरीच्या फटीतून आणि वर कुलूप. मोलाची चीज बाहेर ठेवायची, हे काकांच्या मनातही येणं शक्य नव्हतं. कपाटाजवळचा दिवा तेवढा नीट चालतो, हे मात्र त्यांनी हेरलं. म्हणजे बाकीच्या वस्तूच लांब राहतात, कामचुकार मेल्या! काकांनी सगळ्यांना कपाटाभोवती आणून उभं केलं. दिवे आले, पंखा आला, कॅमेरा आला. दारावरची बेल उचकटून कपाटाच्या दाराला लागली. घर पुन्हा लेकीच्या फोनवर आलं.

पण बेल वाजवल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही, ही काकांची जुनी शिस्त. रोज सकाळी लेकीला निरोप जायचा, 'दारात कोणीतरी आहे.' ती घाबरून बघायची, तर बनियन घ्यायला आलेल्या बाबांचं नाक.

तिसऱ्या नाकाला ती गाडीत बसली. घरी येऊन कपाट उघडायला लावलं आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, हा घराच्या मधोमध, उंचावर, मोकळा ठेवायचा असतो. लोखंडातून वाय-फाय बाहेर येणार कसं?"

"मोकळा?" काकांचा आवाज चिरकला. "अगं, यातून तू मला रोज भेटतेस. चोरीला गेला म्हणजे?"

लेकीला भडभडून आलं. बॅगेचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. राउटर मधल्या खोलीतल्या उंच फळीवर चढला, बाकीच्या वस्तू आपापल्या जागी गेल्या आणि काकांच्या समाधानासाठी कॅमेरा फळीसमोर लागला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून तिने फोन उघडला. चित्र कसं लख्ख! फळीखाली स्टूल, स्टुलावर जुन्या गणवेशातले बाबा, हातात काठी.

"बाबा, जेवून जरा आडवे व्हा ना," ती कॅमेऱ्यातून म्हणाली.

काकांनी मानही हलवली नाही.

"आणि तुला कोण सांभाळणार?"