बिनचुलीचे मामा

अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला बोलावलेल्या जावयाला रुसायचा हक्क असतो. तो मी आयुष्यात एकदाच वापरला आणि धारूरच्या एका घरात मोठ्या कष्टाने जुळत आलेलं काहीतरी मोडून बसलो. चूक माझी होती. ती थट्टेत झाली, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिलो.

मामा म्हणजे माझे सासरे. धारूरच्या बाजारात त्यांचं तेलाचं दुकान होतं. दिवसभर हात करडईच्या तेलात आणि पोटात मात्र तेलाचा थेंब नाही, कारण पन्नाशी उलटल्यावर त्यांनी शिजवलेलं अन्नच सोडलं होतं. गाव त्यांना ‘बिनचुलीचे मामा’ म्हणायचं. गिऱ्हाईक मुद्दाम विचारायचं, “मामा, तेल कसंय?” मामा डब्यावरची नजर न काढता सांगायचे, “लोक चांगलं म्हणतात बाबा. मी खात न्हाई.” पाकीटबंद तेल गावात नुकतंच येऊ लागलं होतं, पण असं खरं बोलणाऱ्याचं दुकान लोकांनी सोडलं नाही.

पोटातल्या जळजळीने ते बेजार झाले होते. कुठल्याशा निसर्गोपचाराच्या शिबिराला गेले आणि परत आले ते हे व्रत घेऊनच. ते सगळ्यांनी करावं असं त्यांनी कधी म्हटलं नाही. सुरुवातीचे दिवस वाईट होते. डोकं जड, पोटात गुडगुड, ऐन थंडीत काकडी खाऊन हातपाय गार. दुकानात घोंगडं पांघरून बसायचे. “जबडा तर बैलावानी दुखायचा,” ते मला सांगत. “पण एक फायदा झाला जावईबापू. तोंड चावायला लागलं की माणूस लई बोलत न्हाई.” वजन उतरलं तेव्हा लोकांनी त्यांना मोठं दुखणं लावून दिलं. पुढे जळजळ थांबली, झोप लागू लागली, किल्ल्यापर्यंतचा चढ ते न थांबता चढू लागले. एकदा म्हणाले, “आधी पोट भरायचं न्हाई, मग मन भरायचं न्हाई. पोट लवकर शिकलं.”

मनाला मात्र वेळ लागला. घरात लसणाची फोडणी बसली की मामा उठून ओसरीवर जात. लग्नाची पंगत मात्र त्यांनी चुकवली नाही. पत्रावळ पुढे घेऊन बसायचे आणि उपरण्यात बांधून आणलेली गाजरं तिच्यावर मांडायचे. वाढपी गोंधळला की म्हणायचे, “पुढं चल तू. मी माणसांसाठी आलोय, अन् माणसं काय कुणी शिजवलेली न्हाईत.”

सगळ्यांत जास्त लागलं ते मामींना. ज्या हाताने इतकी वर्षं भाकरी घातली, तो हातच नवऱ्याने नाकारला, असं त्यांना वाटलं. “इतके दिस खाल्लं ते काय इख होतं का?” एवढंच त्यांनी रडत रडत विचारलं आणि मामांच्या समोर जेवायचं सोडलं. ही गाठ सुटायला खूप दिवस गेले. मग एकदा त्यांनी आपण होऊन मटकी भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, वर कच्च्या शेंगदाण्याचा कूट आणि कोथिंबीर घातली. मामा खाऊन म्हणाले, “तुझ्या हातचंच हाय की हे.” तेव्हापासून दोघं पुन्हा समोरासमोर बसू लागली.

हे सगळं मला माहीत होतं. तरी पहिल्या धोंड्याला ताटावर बसल्यावर मला लहर आली. परळीच्या नोकरीची आणि नव्या जावईपणाची थोडी हवा डोक्यात होती. मी हात मागे घेतला. “मामांनी माझ्याबरोबर धोंडा खाल्ला तरच मी जेवणार.”

सगळे हसले. मामाही हसले. “माझ्या वाटचे बी तुमीच खावा.”

“मग मी उठतो.”

सुरेखाने, माझ्या बायकोने, मला डोळ्याने दटावलं. मी हट्टाला पेटलो आणि खरंच पाटावरून उठलो. मामांचा चेहरा उतरला. त्यांनी मुकाट्याने पान मागवलं आणि पुरणाचे दोन धोंडे, वर तूप, खाली मान घालून खाल्ले. मी जिंकल्यासारखा जेवलो.

पुढचं सुरेखाने सांगितलं. मामांचं पोट बिघडलं, ते चार दिवसांत सावरलं. मामी सावरल्या नाहीत. “जावयासाठी मोडलं,” त्या म्हणाल्या. “मी रडले तवा न्हाई मोडलं.” मामी पुन्हा स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून एकट्या जेवू लागल्या. मटकी भिजेना. मामा दुकानातच काकडी-पेरू खाऊन घरी यायचे.

पुढच्या अधिक महिन्यात पुन्हा बोलावणं आलं. मी घाबरतच गेलो. सकाळी पोहोचलो तर चुलीपुढे मामा बसलेले. समोर काठवट, कपाळापर्यंत ज्वारीचं पीठ, आणि थापता थापता तीन तुकड्यांत गेलेली भाकरी. मामी पाटावर बसून शिकवत होत्या. “पाणी कमी घाला. तेल मापता येतं अन् पाणी मापता येईना?”

मामांनी जळकी भाकरी त्यांच्या ताटात टाकली. “मी खात न्हाई म्हणून तू एकटीनं करून एकटीनं कावून खायचं? आता मी करतो, तू खा.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “वर्ष झालं शिकतोय, जावईबापू. आजून गोल न्हाई येत.” मामींनी करपलेली कड मोडून तोंडात टाकली. त्यांच्या समोर दुसऱ्या ताटात मामांसाठी चिरलेली काकडी होती, आणि तीही मामींनीच चिरली होती.

मी मामांना ओसरीवर गाठलं आणि विचारलं, त्या दिवशी तुम्ही का खाल्लंत? नाही म्हणायचं होतं. ते पीठ झटकत म्हणाले, “जावई उपाशी उठला असता, तर सुरेखाला जन्मभर कुणी ना कुणी बोललं असतं. माझं व्रत काय, उद्या पुन्हा धरता येतं.”

मी ज्याला थट्टा म्हणत होतो, ती त्यांच्यासाठी लेकीच्या संसाराची भीती होती. आणि त्या भीतीची किंमत मामींनी भरली होती.

त्या दिवशी ताटं वाढली, पाट मांडले. मी पाटावर बसलो नाही. मामींना वाटलं, पुन्हा तेच. त्यांचा वाढता हात थांबला. आमच्याकडे जावई सासू-सासऱ्यांच्या पाया पडत नाही, उलट त्याचीच पूजा होते. मी वाकलो तेव्हा मामी मागे सरल्या, “अवो, असं करू न्हाई,” म्हणाल्या. तरी मी आधी त्यांच्या पायांना हात लावला, मग मामांच्या.

“मामी,” मी म्हणालो, “मामांनी तुमच्यापेक्षा मला मोठं मानलं नव्हतं. मी उपाशी उठलो तर सुरेखाला बोल लागेल, या भीतीने त्यांनी खाल्लं. व्रत त्यांनी मोडलं नाही, मी मोडायला लावलं. माझं चुकलं. मला माफ करा.”