साधी, भोकांची की खाचांची

गाडी चालवण्यापेक्षा ती थांबवण्याचा जास्त विचार केलेला माणूस आख्ख्या तुळजापूर तालुक्यात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. तामलवाडीत त्यांची शेती आहे, दारात जुनी पांढरी गाडी आहे, आणि एखाद्या वस्तूचे एकाहून अधिक प्रकार मिळतात हे कळलं की त्यांची झोप उडते. फवारणीचा पंप निवडण्यात त्यांनी एक हंगाम घालवला. तोवर किडीनं आपलं काम उरकून घेतलं. चप्पल घ्यायला गेले की डाव्या पायात एक आणि उजव्या पायात दुसरी घालून दुकानाबाहेर फेरी मारतात. एकदा तसेच घरी आले. अक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, पाहिलं आणि मुद्दाम काही बोलली नाही. ते तसेच एका लग्नालाही जाऊन आले.

यंदा पाळी ब्रेकची आली. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं. तुळजापूरच्या गॅरेजवाल्यानं पुढची चाकं काढून दाखवली. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी असते, तिला पॅड दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरतात आणि गाडी थांबते. त्या थाळीला डिस्क म्हणतात, आणि दाजींच्या गाडीच्या दोन्ही डिस्क झिजल्या होत्या. बदला, म्हणाला. इथवर सगळं ठीक होतं. पण बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की डिस्क तीन तऱ्हेच्या मिळतात: साधी, भोकांची आणि खाचांची. दाजी तिथून उठले, गाडी हळूहळू तशीच घरी आणली, चाकं काढून विटांवर चढवली आणि विचार करायला बसले.

मी फोन केला. लेकीची मावशी म्हणून ते मला मावशीबाईच म्हणतात. म्हणाले, "मावशीबाई, भोकांची लवकर थंड हुती. पावसाचं पाणीबी निघून जातं."

"मग भोकांची घ्या."

"पर लई तापली तर भोकापाशी तडा जातो म्हणत्यात."

"मग खाचांची."

"ती पॅड खाती. वर आवाज करती."

"मग साधी घ्या, दाजी."

"साधीच घ्यायची तर एवढा इचार कशाला केला म्या?"

मी फोन ठेवला. घरी येईल त्याला ते हा विषय जेवणाच्या ताटावर समजावून सांगायचे. एक भाकरी अख्खी ठेवायची, दुसरीला बोटानं भोकं पाडायची, तिसरीला नखानं चिरा द्यायच्या. अक्का म्हणायची, "आता तिन्ही खाऊन उठा." शेवटी अणदूरला जाऊन खंडोबाला कौल लावायचं त्यांच्या मनात आलं, तेव्हा मात्र तिनं अडवलं. "देवाला घोडा कळतो. त्याला ह्यात वढू नका."

एरवी गाडी वर्षभर विटांवर राहिली असती तरी माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्यांची एकुलती एक लेक, माझी भाची, धाराशिवला दिली आहे आणि तिचं पहिलं बाळंतपण होतं. सातव्या महिन्यात लेकीला माहेरी आणायची आणि आठव्यात प्रवास करू द्यायचा नाही, हे आमच्याकडं ठरलेलं. सातवा सरत आला तरी गाडी विटांवरच. भाचीचे सासरे भले माणूस. म्हणाले, आमच्या गाडीनं सोडतो. दाजींचा चेहरा उतरला. "लेक पहिल्या खेपेला येती ती बापाच्या गाडीत. न्हायतर बाप कशाला हाय?" पण भाची पोटुशी, वाटेत तुळजापूरचा घाट, आणि डिस्क चुकीची निवडली तर? त्या दिवशी ते तिन्ही भाकऱ्या तशाच ठेवून उठले.

माझं धाराशिवात स्टेशनरीचं दुकान आहे. गिऱ्हाईक दोन पेनांत अडकलं की त्यातलं एक मी उचलून ड्रॉवरमध्ये टाकते. इथंही तेच केलं. गॅरेजवाल्याला फोन लावून साध्या डिस्क मागवल्या. मिस्त्री घरी येऊन बसवून गेला.

मिस्त्री गेला आणि दाजींनी चाकं पुन्हा काढली. नवं लोखंड घरात आलं की त्याला तेल लावायचं, हा त्यांच्या घरातला रिवाज आहे. विळा असो, कुऱ्हाड असो, पारई असो. तेल नाही लावलं तर गंजतं. त्यांनी दोन्ही डिस्क करडईच्या तेलानं मन लावून चोळल्या, वर हळदकुंकू वाहिलं, चाकं चढवली आणि अंगणात एक फेरी मारायला निघाले. ब्रेक दाबल्यावर गाडी क्षणभर विचारात पडली, बहुधा मालकाचा गुण लागला असावा, आणि मग सरळ कडब्याच्या गंजीत घुसली. म्हैस बॉनेटवरचा कडबा खायला लागली.

"थांबली बाई एकदाची," अक्का म्हणाली.

मिस्त्री पुन्हा आला, पोट धरून हसला, डिस्क पुसून लख्ख केल्या आणि तेल प्यायलेले पॅड फेकून नवे घातले. दुसऱ्याच दिवशी दाजी धाराशिवला हजर. सोबतीला मी निघाले. घाटात त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली ती काढलीच नाही. मागं हॉर्नचा गोंगाट. उसाचा ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला ओलांडून गेला आणि ट्रॅक्टरवाल्यानं वळून पाहिलं. भाची माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती.

घाट उतरल्यावर दाजींनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि चाकाच्या फटीतून बोट घालून पाहिलं.

"थंडगार हाय."

"असणारच. ब्रेक दाबलाय कुठं तुम्ही?"

त्यांनी ते ऐकलं नाही. मागच्या काचेतून लेकीकडं बघत हळूच विचारलं, "मधी उठली का?"

"एकदाही नाही."

"घरी गेलं की बायका जमत्याल, उठवत्याल. जरा थांबू."

तामलवाडी आता फार लांब नव्हती. मला परत जाऊन दुकान उघडायचं होतं, आणि कडेला गाडी उभी करून बसण्यात काही अर्थ नव्हता. दाजी दाराला टेकून रस्त्याकडं बघत उभे राहिले. एखादी गाडी हॉर्न वाजवत आली की तिला हातानं गप्प राहायची खूण करायचे. मी घड्याळ पाहिलं, आणि खांदा न हलवता तशीच बसून राहिले.