वीस फेऱ्या आणि एक चुंबळ

मुंबईच्या विमानतळावर मंदाताईंची पिशवी तपासणीच्या यंत्रात गेली आणि बाहेर आल्याबरोबर अडवली गेली. गणवेशातल्या मुलीने ती उघडून दोन वस्तू टेबलावर मांडल्या. एक हिरव्या मिरचीच्या ठेच्याची बरणी आणि दुसरी जुन्या लुगड्याची घट्ट वळलेली चुंबळ. डोक्यावर पाटी घ्यायची तर खाली ही गोल गादी लागते, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. त्या मुलीला सांगावं लागलं. मी हिंदीतून समजावत होते, तेवढ्यात मंदाताईंनी चुंबळ उचलली, डोक्यावर ठेवली आणि रांगेतल्या लोकांसमोर चार पावलं चालून दाखवली. मुलगी हसली, चुंबळ परत मिळाली. ठेचा मात्र गेला. ठेचा पातळ धरायचा की घट्ट, यावर मी बराच वाद घातला, पण नियमापुढे शहाणपण चालत नाही.

"जाऊ द्या बाई," मंदाताई म्हणाल्या. "ज्याच्यासाठी चाललोय ते तर वाचलं."

ज्याच्यासाठी म्हणजे चुंबळीसाठी, हे मला तेव्हा कळलं. नाशिकहून मुंबईपर्यंत पाच तास शेजारी बसून त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

आम्ही दोघी बँकॉकला निघालो होतो. तिथे आशिया खंडाची मैदानी स्पर्धा होती आणि वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत मंदाताईंची ज्योती भारताकडून उतरणार होती. मंदाताई मखमलाबादला भाजी आणि झेंडू पिकवतात आणि कित्येक वर्षं एक दिवसाआड आमच्या इंदिरानगरच्या कोपऱ्यावर पाटी घेऊन येतात. ज्योती माझी विद्यार्थिनी. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, छडीने नकाशावर अख्खं जग दाखवलं आणि स्वतः समुद्र एकदाही ओलांडला नाही. म्हणून मंदाताई जेव्हा म्हणाल्या, "बाई, तुमी संगं चला, मला इंग्रजी येत नाय," तेव्हा मी भाव न खाता हो म्हटलं.

पण या प्रवासाला एक अट होती आणि ती ज्योतीने घातली होती.

चार वर्षांपूर्वी नाशिकलाच राज्याची स्पर्धा झाली, तेव्हा मंदाताई पहिल्यांदा लेकीला बघायला गेल्या होत्या. शर्यतीतलं चालणं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कंबर डावी-उजवी हलते, कोपर मागेपुढे जातात, आणि एवढं करून पळायचं मात्र नाही. मंदाताईंना हसू फुटलं. मोठ्याने, पोट धरून. त्यांचं बघून आजूबाजूच्या बायाही हसल्या. ज्योती समोरूनच चालली होती. त्या दिवशी ती शेवटून दुसरी आली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "लोक हसतात त्याचं मला काही नाही. पण तू आता येऊ नकोस." त्यानंतर तिची एकही शर्यत मंदाताईंनी पाहिली नाही. पदकं आली, ती भिंतीवर टांगली, पण लेक चालताना दिसली नाही.

या वेळी मीच ज्योतीला फोन केला. आम्ही यायचं म्हणतोय, असं सांगितल्यावर तिने आधी तिकिटांचं विचारलं. मग म्हणाली, "या बाई. आईलाही आणा. पण रस्त्यावर ती मला दिसायला नको. दिसली की ते हसणं आठवतं आणि पाय गडबडतात."

म्हणजे एक बाई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार, परदेशी जाणार, आणि तिथे जाऊन लपणार. मला ज्योतीचा राग आला होता, आणि तिचं चूक आहे असंही म्हणवत नव्हतं.

विमानात मी मंदाताईंना नियम समजावले. एक पाय जमिनीला टेकल्याशिवाय दुसरा सुटता कामा नये. पुढचा पाय गुडघ्यात वाकता कामा नये. रस्त्याकडेला पंच उभे असतात, चूक दिसली की लाल कार्ड पाठवतात. तीन झाली की दोन मिनिटं बाजूला उभं राहायचं, चार झाली की बाद.

मंदाताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे तर म्याच शिकवलं तिला."

"तुम्ही?"

"टमाट्याची पाटी घिऊन मळ्यातून सडकेपर्यंत यायची ना ती. पोरगी लय हुंदडायची. मंग मी सांगायची, एक पाय टेकल्याबिगर दुसरा उचलायचा नाय. नायतर माल सांडतो. ह्याच चुंबळीवर शिकली ती." पिशवीवर हात ठेवून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. "शिकवलं म्या, आन् हसले बी मीच."

बँकॉकला उतरल्यावर पहिली भेट दमटपणाची झाली. चष्म्यावर वाफ धरली. नकाशावर मी या देशाला 'उष्ण व आर्द्र' म्हणत आले, पण ते घामाने कळायला साठी उलटावी लागली. शहर स्वच्छ, माणसं हळू आवाजात बोलणारी. "सावादी खा" (नमस्कार, बायकांनी म्हणायचा) हे मी पहिल्याच तासात शिकले आणि दिसेल त्याला म्हणू लागले. जेवणात मात्र फजिती झाली. "जे" (शाकाहारी) हा शब्द मी घरून पाठ करून आले होते. तो इतक्या आत्मविश्वासाने उच्चारला की समोर कोळंबीचं सार आलं. ते मंदाताईंनी संपवलं. माझ्या वाट्याला कोरडा भात आणि "सोम तम" (कच्च्या पपईची आंबट-तिखट कोशिंबीर) आली. तीतही माशाचं पाणी घालतात हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तोवर खाऊन झाली होती. मंदाताईंनी एक घास चाखला आणि त्यांचे डोळे चमकले.

"बाई, हा ठेचाच हाय. निस्ता पपईत लपवलाय."

शर्यतीचा रस्ता आमच्या हॉटेलजवळच्या बागेभोवती होता. एक किलोमीटरची फेरी, अशा वीस. संध्याकाळी आम्ही तो पायी फिरून पाहिला. लपायची जागा शोधायची होती ना! एका वळणावर छोटंसं देऊळ होतं आणि त्यासमोर एक पन्नाशीची बाई फुलांचे हार विकत होती. तिच्यापुढे वेताची मोठी पाटी होती आणि पाटी झेंडूने शिगोशीग भरली होती. आपलाच झेंडू. मंदाताई जिथल्या तिथे थांबल्या. एक फूल उचललं, मागून दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "परवाच्या तोडीचा हाय." बाईला काही कळलं नाही, पण हे हात फुलांतले आहेत एवढं नक्की कळलं. तिने स्टूल पुढे सरकवलं. तिचं नाव नोई. तिचे "फुआंग मालै" (देवाला वाहायचे छोटे हार) चमेलीच्या कळ्यांचे असतात, खाली झेंडूचं एखादं फूल. मंदाताईंनी सुई मागून घेतली आणि दसऱ्याला दाराला लावतो तसं भरगच्च तोरण ओवलं. नोईने ते देवळाच्या खांबाला बांधलं आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. अर्धा तास मला कुणी दुभाषी म्हणून विचारलं नाही.

"इथंच उभी राहीन मी," उठताना मंदाताई म्हणाल्या. "खांबाच्या मागं."

शर्यत पहाटेच होती, ऊन चढायच्या आत. आम्ही पोचलो तेव्हा नोई पाटी मांडत होती. मंदाताई पदर नाकापर्यंत ओढून खांबामागे गेल्या. मी कठड्याला टेकून उभी राहिले. समोरच मोठा फलक होता. त्यावर प्रत्येकीचा क्रमांक आणि त्यापुढे लाल कार्डांच्या खुणांसाठी जागा.

पहिल्यांदा ज्योती समोरून गेली तेव्हा मला रडू आलं. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, नद्यांची नावं हमखास चुकवणारी पोर पाठीवर देशाचं नाव घेऊन चालली होती. खांबामागून आवाज आला, "कशी हाय?"

"छान आहे. चौथी आहे."

सहाव्या फेरीला ती तिसरी झाली. चीनची मुलगी पुढे, तिच्यामागे जपानची, मग आपली ज्योती आणि तिच्या मागे दुसरी एक चिनी मुलगी. रस्त्यापलीकडे काही भारतीय मंडळी जमली होती. ज्योती दिसली की ते ओरडायचे, "भाग! भाग!" चालण्याच्या शर्यतीत पळ म्हणून ओरडणारे फक्त आपलेच. मी हातवारे करून त्यांना थांबवायला गेले, तर त्यांना वाटलं मीही जल्लोष करतेय. ते आणखी जोरात ओरडले.

दहाव्या फेरीला फलकावर ज्योतीपुढे पहिली लाल खूण आली. बाराव्या फेरीला दुसरी.

मंदाताई खांबामागून बाहेर आल्या. "काय झालं?"

मी सांगितलं. अजून एक खूण आली की दोन मिनिटं उभं राहायचं. मग पदक विसरा.

तेवढ्यात ज्योती वळणावर आली. मंदाताई खांबाआड जायला विसरल्या, पण ज्योतीचं लक्ष नव्हतं. तिचे खांदे वर चढले होते, डोकं प्रत्येक पावलाला खालीवर होत होतं. मला एवढंच दिसलं. मंदाताईंना जास्त दिसलं.

"उडतीय," त्या म्हणाल्या. "पाटी सांडणार."

"हाक मारा तिला."

"नको. हाक मारली तर तिला ते हसणंच ऐकू येईल."

त्यांनी पिशवीतून चुंबळ काढली. नोईच्या पाटीकडे बोट दाखवून हात जोडले. नोईने क्षणभर पाहिलं, "माई पेन राई" (काही हरकत नाही) म्हणाली आणि स्वतःच पाटीला हात लावला. झेंडूने भरलेली पाटी मंदाताईंच्या डोक्यावर बसली. त्यांनी पदर मागे टाकला, चेहरा उघडा केला, आणि कठड्याच्या अलीकडे, पदपथावर, जिथून ज्योती येणार होती त्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. दोन्ही हात खाली सोडलेले. मान ताठ. पाटी जराही हलत नव्हती.

मला भीती वाटत होती. ज्योतीने एकच मागितलं होतं आणि तेच आम्ही मोडत होतो. तिचे पाय गडबडले असते तर या दोघी उरलेल्या आयुष्यात एकमेकींशी धड बोलल्या नसत्या.

ज्योती आली. तिने पाहिलं. तिची नजर आधी आईच्या चेहऱ्यावर गेली. मंदाताई हसल्या नाहीत, रडल्या नाहीत, बोलल्या नाहीत. मग नजर वर पाटीवर गेली. ज्योतीच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. पण वळण घेता घेता तिचे खांदे खाली आले आणि डोकं स्थिर झालं.

पुढच्या सात फेऱ्या मंदाताई तशाच उभ्या होत्या. मी पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. एक स्वयंसेवक विचारायला आला, नोईने त्याला काहीतरी सांगून परत पाठवलं. मी फक्त फलक बघत होते. तिसरी खूण आली नाही.

पदकही आलं नाही. शेवटच्या फेरीत मागची चिनी मुलगी वेगाने पुढे निघाली. ज्योतीने तिचा पाठलाग केला, पण पाय जमिनीवरून सुटू दिले नाहीत. ती चौथी आली. फरक इतका थोडा होता की मला तो अन्याय वाटला. मी फलकाकडे बघून मराठीत चार शब्द सुनावलेसुद्धा.

तासाभराने ज्योती लंगडत आमच्याकडे आली. मंदाताईंनी पाटी उतरवली होती, चुंबळ हातात होती. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तू दिसू नको म्हनली व्हती. मी दिसले. माझ्यामुळं हळू झालीस का गं?"

"आई, माझे पाय सुटले होते," ज्योती म्हणाली. "तिसरं कार्ड नक्की होतं. पाटी दिसली आणि कळलं, सगळं सांडलं असतं." मग तिने घामेजलं डोकं आईच्या खांद्यावर टेकवलं. मंदाताईंनी चुंबळ तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही तुझीच हाय. राहू दे तुझ्याकडं."

नोईने ज्योतीच्या मनगटात चमेलीचा हार घातला. त्या दिवशी तिच्या गळ्यात नसलं, तरी हातात काहीतरी पडलं.

नाशिकला परतले त्या दिवशी मी वर्तमानपत्र उघडलं. खेळांच्या पानावर पदकविजेत्यांची यादी होती, सुवर्ण, रौप्य, कांस्य. चौथीचं नाव छापत नाहीत. जन्मभर मीही मुलांना पहिल्या तीन नद्या, पहिली तीन शिखरं पाठ करायला लावली. चौथं कुणाला विचारलं नाही. त्याची आता लाज वाटते.

पंधरा दिवसांनी ज्योती सुटीवर आली आणि सकाळी आईबरोबर आमच्या कोपऱ्यापर्यंत आली. पाटी मंदाताईंच्या डोक्यावर, खाली नवी चुंबळ. सोसायटीतल्या बाया जमल्या, म्हणाल्या, ते चालणं दाखव ना आम्हाला. ज्योतीने चप्पल काढली आणि गल्लीत चालू लागली. कंबर डावी-उजवी, कोपर मागेपुढे. बाया हसल्या, मुलं हसली, खरं सांगायचं तर मीही हसले. एकट्या मंदाताई ओठ घट्ट मिटून, तोंडावर पदर दाबून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

ज्योती गल्लीच्या टोकाला जाऊन वळली, तशीच चालत परत आली, आईसमोर थांबली आणि तिच्या तोंडावरचा पदर तिने स्वतःच्या हाताने बाजूला केला.

"हस गं आई," ती म्हणाली. "हस आता."