नावाची पट्टी

“माणूस कसा हाय, ते सांगा आधी.”

चामड्याची कोरी पट्टी हातात घेतली की चाचांचा हा प्रश्न ठरलेला. पट्टी अंगठ्यावर वाकवायची, कानाशी न्यायची, तिची बारीक करकर ऐकायची आणि माझ्याकडे बघत राहायचं. मी ऑर्डरच्या वहीतलं नाव वाचून दाखवायचो. त्यापलीकडे मला काय माहीत असणार? नाव अमेरिकेतलं, नाहीतर जर्मनीतलं.

वरवंडला हायवेच्या कडेला आमची पत्र्याची शेड होती. जुन्या काळातले वैमानिक घालायचे तसली चामडी जॅकेटं तिथं शिवली जायची आणि परदेशात जायची. जॅकेट नवं, पण गिऱ्हाइकाला ते जुनं दिसायला हवं असायचं; आजोबांनी लढाईत वापरून ट्रंकेत ठेवल्यासारखं. छातीवर डाव्या बाजूला नाव ठसवलेली पट्टी. तिची सोनेरी अक्षरं इतकी चकचकीत यायची की सगळं सोंग उघडं पडायचं. ती पट्टी जुनी करणं हे चाचांचं काम.

चाचा दौंडचे. त्यांचे वडील स्टेशनवरच्या टांग्यांसाठी लगाम आणि पट्टे शिवायचे. टांगे संपले, पण चामड्याची ओळख या घराच्या हातात राहिली. सकाळच्या एसटीनं चाचा यायचे, डब्याची पिशवी खिळ्याला अडकवायचे आणि खिडकीशी बसायचे. स्पिरिटच्या बोळ्यानं पट्टीची चकाकी उतरवायची, पॉलिश पेपरनं कडा घासायच्या, काळ्या चहाचं पाणी पुसायचं, मुठीत चुरगळायची आणि मग दोन दिवस ती शर्टाच्या खिशात घेऊन हिंडायचं. सगळीकडे एकसारखी घासलेली पट्टी त्यांना खपत नसे.

“माणूस काय सगळीकडून सारखा झिजतो व्हय?” ते म्हणायचे.

म्हणून तर तो प्रश्न. उत्तर मिळालं नाही की चाचा स्वतःच माणूस ठरवून टाकायचे. “ह्यो तापट हाय बघा. चेन हिसका मारून वढत असणार. चेनकडची कड जास्त घासू.” एका नावाच्या पट्टीला तर त्यांनी जवळजवळ हातच लावला नाही. “ह्यो बायकोला भ्यायचा. घरात आल्या आल्या जाकीट खुंटीला लावत असंल.”

एकदा एका गिऱ्हाइकानं तक्रार केली, मला कुणाचं तरी वापरलेलं जॅकेट पाठवलंय. मालक वैतागले. चाचांनी ती मेल माझ्याकडून दोनदा मराठीत सांगून घेतली आणि संध्याकाळी सगळ्या शेडला भेळ चारली. असा आनंद तुम्ही कुणाच्या तोंडावर पाहिला असेल तर तुम्हाला कळेल. दहावीचा निकाल लागल्यासारखे ते हिंडत होते.

आणि मग एक दिवस वडगाव रासाईहून एक बाई आल्या. पस्तिशी-चाळिशीच्या. साडीच्या पिशवीत एक तपकिरी जॅकेट होतं. त्यांचे यजमान हवाई दलात विमानं दुरुस्त करायचे. तिकडे उत्तरेत असताना हौसेनं त्यांनी ते शिवून घेतलं होतं, वैमानिकांसारखी नावाची पट्टीही लावून घेतली होती. सुट्टीवर घरी येताना रस्त्यातल्या अपघातात ते गेले. त्याला नऊ वर्षं झाली.

“आमचे सासरे आंधळे आहेत,” बाई म्हणाल्या. “काचबिंदूनं दिसायचं गेलं. जॅकेट त्यांच्या खाटेजवळ खुंटीला असतं. रोज संध्याकाळी डोक्याला तेल लावलं, की त्याच हातानं आबा पट्टी चाचपतात. घराला रंग दिला तेव्हा मी ते पेटीत ठेवलं होतं. उंदरांनी बाकी काही खाल्लं नाही. तेल मुरलेली तेवढी पट्टी खाल्ली.”

छातीवर शिवणीची भोकं आणि एक कुरतडलेला कोपरा उरला होता. जॅकेट दौंडला धुवायला दिलंय, असं त्यांनी आबांना सांगून ठेवलं होतं.

“माणूस कसा होता?” चाचांनी विचारलं.

पहिल्यांदाच या प्रश्नाला खरं उत्तर देणारं कुणी समोर बसलं होतं. बाई बोलत राहिल्या. ते डावखुरे होते. हसताना छातीवर हात ठेवायचे. पाकीट जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचे, त्यामुळे पट्टी मधून फुगलेली असायची. चाचांनी सगळं ऐकलं, मोबाइलमधला फोटो चार वेळा मोठा करून बघितला. नंतरचे आठ दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. खोबरेल तेलाची बाटली घरून आणली. पट्टीत पाकिटाचा फुगवटासुद्धा आणला. मी शपथेवर सांगतो, फोटोशेजारी ठेवल्यावर मला फरक कळला नाही.

गुरुवारी आमची सुट्टी. मी चाचांना गाडीवर बसवून पूल ओलांडून वडगावला नेलं. आबा खाटेवर बसले होते, ऐंशीच्या पुढचे, सडसडीत. सुनेनं जॅकेट त्यांच्या मांडीवर ठेवलं. “आबा, धुऊन आलं बघा.”

आबांचा हात बाहीवरून छातीकडे गेला. पट्टीवर आला. थांबला. पुन्हा पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत फिरला.

“ही त्येची न्हाई,” आबा म्हणाले.

“आबा, धुतल्यामुळं तसं लागत असेल,” सून घाईघाईनं म्हणाली.

“मला अक्षरं वाचाया येत न्हाईत, पोरी. पण शेवटचं अक्षर आता ऱ्हायलं नव्हतं. नऊ वर्सं त्येच्यावर माझा अंगठा हाय. हितं तर पुरतं हाताला लागतंय.”

चाचांनी खाली बघितलं. फोटो होता तो यजमान जिवंत असतानाचा. मेलेल्या माणसाचं सगळं त्यांनी विचारलं होतं. आबांचा अंगठा विचारायचा राहून गेला होता.

सून पदर तोंडाला लावून उभी होती. ती आणखी काही बोलणार, तेवढ्यात चाचा खाली आबांच्या पायाशी बसले. “आबा, मी दौंडचा. पट्टी उंदरांनी खाल्ली. ही मी केलीया. त्या बिचारीला बोलू नका, चूक माझी हाय. आणा हिकडं, शेवटचं अक्षर आत्ता पुसून देतो.” त्यांनी खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढलासुद्धा.

आबांनी जॅकेट दिलं नाही. “तुमी पुसून काय उपेग? ते मलाच पुसाया पायजे.” अंगठा पट्टीवर ठेवून ते म्हणाले, “पर आता मला तेवढी वर्सं कुठली?”

सुनेनं चहा आणला, तो निवून गेला. परतताना पुलावर चाचा मागून एवढंच म्हणाले, “जरा हळू घ्या.” मी हळूच चालवत होतो.

त्यानंतर चाचांनी मला कुठल्याच नावाचा माणूस विचारला नाही. पट्ट्या जुन्या होत राहिल्या, सगळ्या बाजूंनी सारख्या झिजलेल्या. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही.

पण दर गुरुवारी ते वडगावला जाऊ लागले. दौंडहून एसटी, पुढे मिळेल ती जीप. मी एकदा विचारलं, “काय करता तिथं?”

“काय न्हाई. बसतो. ते काय बोललं तर ऐकतो. करण्यासारखं माझ्याकडं दुसरं काय हाय, भाऊसाहेब?”

पावसाळा सरताना एका मंगळवारी चाचा कामावर आले नाहीत. दुपारी त्यांच्या जावयाचा फोन आला. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. आम्ही सगळे दौंडला गेलो आणि माती देऊन आलो.

गुरुवारी मी वडगावला गेलो. कुणीतरी सांगायला हवं होतं. आबांनी अंगणात एक खुर्ची मांडून ठेवायला लावली होती. गाडीचा आवाज ऐकून ते म्हणाले, “आज जीप न्हाई मिळाली व्हय?”

मी सांगितलं. आबांनी शेजारच्या खुर्चीची पाठ चाचपली. मग म्हणाले, “मला नेता का तिथं?”

मी नेलं. सबंध रस्ता त्यांनी माझा शर्ट मागून मुठीत धरला होता. कब्रस्तानाच्या फाटकाशी चाचांचे जावई भेटले. मी आबांचा हात धरून त्यांना उतरवत होतो. जावयानं पुढे होऊन आबांना दुसऱ्या बाजूनं आधार दिला आणि अदबीनं विचारलं, “आपण त्यांचे कोण, बाबा?”

आबांनी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या दिशेनं मान वळवली, जणू मी काही सांगेन.

“मी वडगावचा,” शेवटी ते म्हणाले, आणि जावयाचा हात धरून आत चालू लागले.