लाल कुठली, हिरवी कुठली

ठेकेदाराच्या दुकानात त्याला सगळे ‘दोनदा’ म्हणायचे. कुठलीही वायर हातात घेण्याआधी तो ती दोनदा तपासायचा, म्हणून हे नाव पडलं. आधी टेस्टर चालू पॉइंटला लावून तो टेस्टर धड आहे ना ते बघायचा, मग वायर तपासायचा आणि पुन्हा टेस्टर चालू पॉइंटला लावायचा. घरातला साधा बल्बचा होल्डर बदलायचा असला तरी खाली जाऊन मेन स्विच पाडायचा, मेनचा फ्यूज काढून खिशात घालायचा आणि मगच स्टुलावर चढायचा. दुसऱ्याची तीन घरं व्हायची तेव्हा याची दोन व्हायची. दुकानातले म्हणायचे, हा चहासुद्धा दोनदा फुंकून पितो. तो हसून सोडून द्यायचा.

खरं कारण त्याच्या बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता.

लहानपणी शाळेत त्याने झाडाची पानं विटकरी रंगवली तेव्हा वर्ग हसला होता. त्या वेळी त्याला वाटलं, आपलं लक्ष नसतं. अठराव्या वर्षी याच ठेकेदाराकडे मामाच्या हाताखाली वायरिंगच्या कामाला लागला तेव्हा खरी गोष्ट कळली. मामाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लाल वायर म्हणजे फेज, तिच्यात करंट. काळी म्हणजे न्यूट्रल, करंट परत जायची वाट. हिरवी म्हणजे अर्थ, जी दिव्याच्या पत्र्याच्या अंगाला जोडायची. तोंडपाठ करायला सोपं होतं. काळी त्याला ओळखू यायची. बाकी दोन्ही त्याला एकाच मातकट रंगाच्या दिसायच्या, एक जरा उजळ, एक जरा मळकी. महिनाभर त्याने अंदाजाने निभावलं. मग एका जिन्याखालच्या दिव्यात फेज गेली पत्र्याला, आणि मामाचा हात लागला. मामा फेकला गेला आणि कोपर सोलवटलं, एवढ्यावरच निभावलं. मामाने त्याला चारचौघांत धू धू धुतलं, लक्ष कुठे असतं म्हणून. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. लक्ष नव्हतं, असंच त्यानेही सांगितलं. खरं सांगितलं असतं तर काम गेलं असतं, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं.

त्या दिवसापासून त्याने डोळ्यांवरचा भरवसा सोडला. प्रत्येक वायर टेस्टरने, नाहीतर वायरीची दोन टोकं जुळली की वाजणाऱ्या बॅटरीच्या बझरने शोधायची, आणि सापडली की तिला दोऱ्याची गाठ मारायची. फेजला एक गाठ, अर्थला तीन. दोऱ्याचं रीळ कायम त्याच्या वरच्या खिशात असायचं.

बायकोला कळलं ते पडद्यांमुळे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने त्याला लाल पडद्यांचं कापड आणायला सांगितलं. तो मोठ्या हौसेने हिरवंगार कापड घेऊन आला आणि लाल किती छान मिळालं ते सांगू लागला. ती आधी पोट धरून हसली. मग तिचं हसू थांबलं. हा माणूस दिवसभर काय काम करतो ते तिच्या ध्यानात आलं होतं. तिने काम सोडा म्हणून विनवलं, दोन दिवस अबोला धरला. शेवटी तीच त्याच्या वायरच्या प्रत्येक गुंडाळीवर पेनाने नाव लिहून द्यायला लागली, आणि कामावर निघताना रीळ खिशात आहे ना ते बघायला लागली. ते हिरवे पडदे मात्र तिने शिवून लावले.

अशी तेवीस वर्षं गेली. या काळात ठेकेदाराने त्याला तीनदा सुपरवायझरच्या परीक्षेला बसायला सांगितलं. त्या परीक्षेला डोळ्यांचा दाखला लागायचा. एकदा त्याने आजारपण सांगितलं, एकदा घरचं काम, तिसऱ्यांदा नुसतंच नको म्हणाला. लोकांनी तो घाबरट आहे असं धरून टाकलं.

यात सगळ्यात पुढे होता त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दहा वर्षं दोघं जोडीने काम करत होते. मेहुण्याचा हात भारी चपळ आणि जीभ त्याहून चपळ. दाजींबरोबर काम करायचं म्हणजे डबा दोन वेळचा आणावा लागतो, असं तो कुठल्याही गिऱ्हाइकासमोर म्हणायचा. मनाने वाईट नव्हता; सवय होती.

एकदा दोघांना एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी पाठवलं. बाई खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या, वर भाडेकरू. जिन्याला एकच दिवा होता आणि त्याचं बटण खालीही होतं आणि वरही. वरचं बटण मध्ये कुणीतरी बदलून दिलं होतं, तेव्हापासून दिव्याचं काही खरं नव्हतं. खालचं बटण एका बाजूला असलं तर वरून दिवा लागायचा, दुसऱ्या बाजूला असलं तर वरून कितीही खटखट केली तरी अंधार. बाईंचा एक गुडघा आखडलेला. गच्चीवर कपडे वाळत घालायला त्या बगलेत टॉर्च धरून जिना चढायच्या.

जाताना वाटेत मेहुण्याने नेहमीचा सूर लावला होता. आज तरी लवकर आटपा, दाजी, मला पाच वाजता जायचंय, आणि वर आणखी बरंच काही. दोनदाला त्या दिवशी ते लागलं. का लागलं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याने मेन पाडला, फ्यूज खिशात टाकला आणि वरचं बटण उघडलं. दोन्ही टोकांना चालणाऱ्या या बटणाला तीन स्क्रू असतात. एक वेगळा, त्याला कॉमन म्हणतात, आणि दोन जोडीचे. जोडीच्या स्क्रूंना खालच्या आणि वरच्या बटणांमधल्या दोन वायरी लागतात. कॉमनला खालच्या बाजूला फेज येते आणि वरच्या बाजूला दिव्याकडची वायर. बाई खुर्ची ओढून जिन्याशी बसल्या होत्या. त्यांना या सगळ्याचं भारी कुतूहल. त्यांनी विचारलं की मग दिवा चालू की बंद ते बटणाला कसं कळतं.

तो म्हणाला, “बटणाला कळतच नाही, सिस्टर. मधे दोन वाटा आहेत. दोन्ही बटणं एकाच वाटेवर असली की दिवा लागतो, वेगवेगळ्या वाटांवर असली की विझतो. त्यामुळे या दिव्याचं बटण बंद केलंय म्हणून हात घालायचा नाही. वरून कुणीही लावू शकतं.”

आधीच्या माणसाने बटणाच्या डब्यातली एकुलती लाल वायर कॉमनला लावली होती, लाल म्हणजे तीच महत्त्वाची असं समजून. पण त्या घरात ज्याला जो तुकडा मिळाला तो ओढलेला होता, आणि ती लाल वायर मधल्या दोन वाटांपैकी एक होती. दोनदाने रंगाकडे बघितलंच नाही. बझरने दिव्याकडची वायर शोधली, गाठ मारली, ती कॉमनला लावली. मेन चालू केला. खालून लावला, वरून विझवला, वरून लावला, खालून विझवला. बाईंनी स्वतः चारदा करून बघितलं.

तेवढ्यात बाई म्हणाल्या की दिव्याचा होल्डर काळा पडलाय, तोही बदलून द्या. पुन्हा मेन पाडायचा तर वरच्या भाडेकरूने दारातूनच हात जोडले, माझं काम चाललंय, पुन्हा लाइट घालवू नका. मेहुण्याने खालच्या मजल्याच्या दिव्यांचा तेवढा फ्यूज काढला, टेस्टर लावून बघितलं आणि स्टूल घेऊन जिन्याच्या मधल्या चौकात गेला. दोनदा खाली हत्यारं आवरत होता. त्याने विचारलं, “मेन पाडलास का?”

“फ्यूज काढलाय, टेस्टही केलंय. एकदाच केलंय पण,” मेहुणा म्हणाला.

बाई हसल्या. ‘मेन पाड’ हे ओठांवर आलेलं दोनदाने गिळलं. तेवीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्याने त्या दिवशी केलं. मनाशी जाऊ दे म्हणाला.

त्या दिव्याची फेज खालच्या मजल्यावरून येत होती, पण न्यूट्रल कुणीतरी दिव्यापाशीच वरच्या मजल्याच्या न्यूट्रलला जोडून टाकली होती. वायर वाचवायला लोक असं करतात. जोडलेली असेपर्यंत ती काळी वायर गप्प असते, टेस्टरलाही काही सांगत नाही. मेहुण्याने जोड सोडवला. त्याबरोबर वरचा पंखा थांबला, आणि सुटलेल्या टोकात वरच्या दिव्या-पंख्यांतून करंट उतरला. ते टोक त्याच्या एका हातात होतं आणि दुसरा हात वायरींच्या पत्र्याच्या पाइपवर.

स्टूल कोसळल्याचा आवाज झाला तेव्हा दोनदाने आधी मेन पाडला आणि मग धावला. मेहुणा चार पायऱ्या खाली पडला होता. श्वास चालू होता, डोळे उघडे होते, मनगट भलत्याच कोनात वळलं होतं. बाई आखडलेला पाय ओढत त्याच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, रक्त येतंय, कुठून येतंय बघा, दाबून धरा. दोनदा मेहुण्याच्या अंगावर हात फिरवत राहिला. मेहुण्याचा शर्ट हिरवा होता. भुवईतून रक्त वाहत खांद्यावर उतरलं होतं, आणि याला ते दिसत नव्हतं. बोटांना ओल लागली तेव्हा कळलं. बाईंनी त्याचा हात धरून भुवईवर ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं.

दवाखान्यात मेहुण्याच्या हाताला प्लॅस्टर घालत होते. बाई रिक्षा करून सोबत आल्या होत्या. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी हळू आवाजात विचारलं, “तुम्हाला लाल दिसत नाही ना?”

त्याने मान हलवली. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या त्या बाईंनी आश्चर्य दाखवलं नाही, उपदेशही केला नाही. एवढंच म्हणाल्या की जो माणूस तुमच्याबरोबर वायरीला हात लावतो त्याला हे माहीत असायला हवं.

दुसऱ्या दिवशी त्याने मेहुण्याला सांगितलं. मेहुणा उशीला टेकून बसला होता, भुवईवर टाके. त्याच्या डोक्यात दहा वर्षांतलं काय काय फिरलं असेल कुणास ठाऊक. ऐकून म्हणाला, “दाजी, मी तुम्हाला किती बोललो.”

“तू बोललास त्याचं काही नाही,” दोनदा म्हणाला. “काल मी गप्प बसलो. मला माहीत होतं, तरी गप्प बसलो.”

मग तो ठेकेदारालाही सांगायला गेला. बायकोने सोबत येऊ का विचारलं, तो नको म्हणाला. ठेकेदार आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग चेहरा पडला आणि आवाज चढला. तेवीस वर्षं मला फसवलंस, एखाद्या घरात काही झालं असतं तर, असं सगळं बोलून झालं. ठेकेदार दमल्यावर खुर्चीत बसला आणि म्हणाला की डोळ्यांचा कागद घेऊन ये, मग बघतो.

डॉक्टरांनी त्याच्यापुढे ठिपक्यांनी भरलेली पानं धरली. प्रत्येक पानात एक आकडा लपलेला होता. पहिला त्याला वाचता आला, पुढचा एकही धड नाही. डॉक्टरांनी व्यवसाय विचारला, उत्तर ऐकून पेन थांबवलं आणि पुन्हा लिहायला लागले. निघताना त्याने एका पानावर बोट ठेवून विचारलं, इथे काय आहे. डॉक्टर म्हणाले, त्र्याहत्तर. तो पुन्हा वाकून ते पान बघत राहिला, लोकांना जे सहज दिसतं ते एकदा तरी दिसेल म्हणून. दिसलं नाही.

ठेकेदाराने त्याला काढलं नाही, पण पूर्वीसारखं ठेवलंही नाही. त्याने एकट्याने कुठलंही घर जोडायचं नाही आणि कामाच्या कागदावर त्याची सही चालणार नाही, असं ठरलं. पुढे सुपरवायझरच्या परीक्षेला मेहुणा बसला आणि पास झाला. आपल्याच हाताखाली शिकलेला मेहुणा आता सही करतो याचं त्याला वाईट वाटलं, हे खोटं नाही. काही दिवस तो घरी फार कमी बोलला. पण दिवसभर मनात कुलूप लावून हिंडायचं थांबलं होतं, आणि त्याची झोप सुधारली, असं बायको तिच्या आईला सांगत होती.

मेहुण्याचा हात प्लॅस्टरमध्ये होता तोवर बाईंनी दुसरा माणूस येऊ दिला नव्हता. अर्धं टाकून गेलेत तेच येऊन पुरं करतील, असं त्यांनी दुकानात कळवलं होतं. मेहुण्याचं प्लॅस्टर निघाल्यावर दोघं गेले. वरच्या भाडेकरूला मेहुण्याने आधीच सांगून ठेवलं की दोन तास लाइट नसेल. जिन्याच्या दिव्याला त्यांनी खालच्या मजल्याची वेगळी न्यूट्रल ओढली आणि काळा पडलेला होल्डर बदलला. मेहुणा रंग सांगत होता आणि दाजी तपासत होते. मनगट अजून आखडलेलं होतं, त्यामुळे स्क्रू पिळायचं काम दाजींकडेच आलं. काम संपायला पाचच्या वर अर्धा तास झाला. मेहुण्याने घड्याळ बघितलं, स्टुलावर बसला आणि बाईंकडे पाणी मागितलं.